नदी दिसेल अशी खोली

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज सकाळी आईने दात घासता घासता सांगितलं की ती लग्न करणार आहे. तोंडात फेस, हनुवटीवरून ओघळ, आणि डोळे आरशातून माझ्यावर. मला वाटलं, कुठेतरी लग्नाला जायचं म्हणतेय. विचारलं, "कोणाचं?" तर बेसिनमध्ये थुंकली आणि म्हणाली, "माझं."

एकाहत्तर वर्षांची बाई! मला इतकी शिसारी आली की चहा तसाच ओतून दिला.

नवरदेव कोण, तर तो गुडघेवाला. मागच्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायामाच्या केंद्रात तिच्या शेजारच्या खाटेवर पाय वर-खाली करायचा तो. त्याच्या गावी कुणी बघायला नाही म्हणून ऑपरेशनसाठी इकडे पुतणीकडे आला होता. आयुष्यभर बुटांच्या दुकानात सेल्समन. गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून बसून गुडघे गेले, असं स्वतःच हसत हसत सांगायचा. मी आईला न्यायला जायची तेव्हा घामाने डबडबलेला असायचा आणि तरीही उठून नमस्कार करायचा. मी लांबूनच मान हलवायची. मग तो परत गेला, त्या नदीकाठच्या शहरात. मला वाटलं, सुटलो. आई रोज संध्याकाळी गॅलरीत जाऊन फोनवर कुजबुजते हे मला दिसत होतं, पण मी समजत होते की मावशीशी बोलते.

ह्यांना सांगितलं. बातम्या चालू होत्या. म्हणाले, "बरं." जाहिरात लागल्यावर म्हणाले, "म्हणजे ती खोली रिकामी होणार?"

बुधवार, ५ नोव्हेंबर

दादाला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "तू जवळ आहेस, तूच काय ते बघ." आई आजारी पडली तेव्हाही हेच, बाबा गेले तेव्हाही हेच. ह्याने नुसतं लांब राहायचं आणि मी 'काय ते' बघायचं.

आईशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण जेवताना राहवलं नाही. म्हटलं, "तुला इथे काय कमी आहे?"

"काही कमी नाही गं."

"मग?"

"मग काय? त्यांच्याशी बोललं की मला बरं वाटतं."

"बोल की मग. फोन आहे ना? त्यासाठी लग्न कशाला?"

आई पाणी प्यायली. म्हणाली, "चिमे, फोन ठेवल्यावर खोलीत कुणी नसतं."

मी म्हटलं, "घरात तीन माणसं आहेत." ती नुसती हॉलकडे बघत होती. तिकडे हे जेवणाचं ताट मांडीवर घेऊन टीव्ही बघत होते. ह्यांना तसंच आवडतं. घोरण्यामुळे झोपतातही तिथेच, सोफ्यावर. कितीतरी वर्षं झाली. दोघांनाही सोयीचं पडतं. आमच्यात असले चाळे नव्हते आणि नाहीत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

शेवटी असं ठरलं की आधी जाऊन बघायचं, मग बोलायचं. ते शहर आम्ही दोघींनीही कधी पाहिलेलं नाही. गुडघेवाल्याने निरोप दिला की घरीच उतरा, दोन खोल्या आहेत. मी आईला सांगितलं, "मरेन, पण त्याच्या घरची चादर अंगावर घेणार नाही. हॉटेलात उतरू."

"चालेल," आई म्हणाली. "पण नदी दिसली पाहिजे."

"नदी काय करायचीये?"

"एवढं पहिल्यांदा जातोय. नदी नाही बघायची तर काय लिफ्ट बघायची?"

तेव्हा आज दिवसभर फोनवर हॉटेलं बघणं. शी! जग किती घाण आहे हे कळायला लॅबमध्ये नोकरी करायची गरज नाही, हॉटेलांखालचे अभिप्राय वाचावेत. 'उशीवर दुसऱ्याचा केस होता.' 'बाथरूमच्या कोपऱ्यात गोगलगाय होती, पण कर्मचारी प्रेमळ.' एकाने तर न्याहारीच्या ताटाचा फोटो टाकलाय, अर्धं खाऊन झाल्यावरचा. कोण बघतं असले फोटो? आणि ते नवरा-बायकोंचे अभिप्राय! 'नदीच्या साक्षीने आम्ही पुन्हा प्रेमात पडलो.' पडा. आम्हाला कशाला सांगता? मी तसले एकोणीस-वीस तरी वाचले. एका बाईने लिहिलंय, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, नवऱ्याने खिडकीत बसवून तिचे केस विंचरून दिले. वाचूनच कसंतरी झालं. परत वाचलं, तरी तसंच.

सगळ्या हॉटेलांच्या फोटोंत पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. म्हणजे कुणीतरी हाताने चोळामोळा केलेला तो टॉवेल, आणि त्यानेच आपण तोंड पुसायचं.

गुडघेवाल्याने आईमार्फत एक हॉटेल सुचवलं. स्वच्छ आहे म्हणे, मालक ओळखीचा आहे म्हणे. चौकशी केली तर ते केव्हाच बंद पडलंय, आता तिथे गाड्यांच्या टायरचं गोदाम आहे. मी आईला दोनदा ऐकवलं. ती आपली हसतेय. "अगं, ते असेच आहेत," म्हणाली.

शेवटी मीच निवडलं. त्याचं घर नदीच्या एका काठाला, म्हणून मुद्दाम दुसऱ्या काठाचं घेतलं. मध्ये अख्खी नदी राहू दे. 'नदीदर्शनी खोली', दोन वेगळे पलंग. ह्यांना विचारलं, येता का? म्हणाले, "मी काय करू तिथे?" ते बरोबरच आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पोचलो. हॉटेलबद्दल काय लिहू? आत शिरताच ओल्या गालिच्याचा वास, त्यावर फवारलेलं गुलाबाचं अत्तर. काउंटरवरचा माणूस कान कोरत होता. त्याच काडीने त्याने नोंदवहीत आमच्या खोलीचा नंबर दाखवला.

दोन पलंग नाहीत, एकच मोठा आहे. त्यावर ते हंस. आई टाळ्या वाजवून हसली. मी दोन्ही हंस उलगडून टाकले. एकाच्या पोटात पिवळा डाग होता.

आणि नदी? खिडकी उघडली तर समोर भिंत आणि एसीची यंत्रं, त्यातून टपटपणारं पाणी. खाली जाऊन कानकोऱ्याला विचारलं, "नदीदर्शन कुठाय?" तो म्हणाला, "मॅडम, बाथरूममध्ये." मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच बाथरूममध्ये वर एक झरोका आहे. बादली उपडी करून तिच्यावर उभं राहिलं की नदी दिसते. मी उभी राहिले नाही. ती बादली कुणी कशाला वापरली असेल ते मला ठाऊक आहे.

आई मात्र संध्याकाळी बराच वेळ बाथरूममध्ये. मला वाटलं, प्रवासाने पोट बिघडलं. दार वाजवलं, उत्तर नाही. ढकललं तर ही बाई ऑपरेशन झालेले दोन गुडघे घेऊन बादलीवर उभी, आणि झरोक्यातून हात बाहेर काढून हलवतेय!

"उतर आधी! पडशील!"

"थांब गं. ते दिसतायत."

तिला धरून उतरवलं आणि मग बघायचं म्हणून मीच चढले, फक्त खात्री करायला. नदी आहे म्हणायची. मातकट, कडेला प्लॅस्टिक आणि शेवाळ, नाल्याचा वास. पण रुंदी बेताचीच. पलीकडच्या काठावर एका गॅलरीत एक म्हातारा लाल टॉवेल घेऊन रेल्वेच्या गार्डसारखा हलवत होता. न थांबता. मी हात हलवला नाही, तरी त्याला वाटलं असणार आईच आहे, कारण त्याने मग दोन्ही हात वर केले.

एवढं नकाशे बघून हॉटेल निवडलं, ते नेमकं त्याच्या समोर.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज 'भेट'. तो पूल ओलांडून चालत आला, लंगडत. बूट इतके चकचकीत की त्यात आपलं तोंड दिसावं. कानात केस. नाकातही. हातात संत्र्यांची पिशवी. माझ्याकडे बघून म्हणाला, "या चिमाताई."

चिमाताई! म्हणजे आईने माझं घरातलं नावसुद्धा ह्याला सांगून ठेवलंय. अजून काय काय सांगितलं असेल?

नदीच्या काठाने फरसबंद रस्ता आहे, बाकं आहेत. आम्ही एका बाकावर बसलो. म्हणजे ते दोघं बसले, मी कडेला टेकले. तो संत्री सोलायला लागला. त्याची नखं स्वच्छ होती, हे लिहायला हवं. आधी साल एकसलग काढली. मग एकेक फोड घेऊन तिच्यावरचे पांढरे दोरे काढायचा, टोकाकडून चिरून बिया काढायचा, आणि फोड आईच्या तळहातावर ठेवायचा. आई बघायचीही नाही, बोलता बोलता तोंडात टाकायची. किती सवयीचं! व्यायामाच्या केंद्रातसुद्धा असंच चाललेलं असणार, आणि मी बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. मलाही फोडी देऊ केल्या. मी म्हटलं, मला आंबट चालत नाही. त्याने अख्खं संत्रं सोलून आईला भरवलं आणि मी सगळं बघत बसले. किळस येते तर दुसरीकडे बघावं ना माणसाने? पण दुसरीकडे नदी होती, ती अजून घाण.

मग आई म्हणाली, "अहो, ऊन आलं तुमच्या डोक्यावर, इकडे सरका."

अहो! लग्नाआधीच! बाबा गेल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. तो सरकला आणि मग दोघं हातात हात घालून बसले. भर रस्त्यात. लोक जात-येत होते. कुणी बघितलंही नाही, तो वेगळा भाग.

खोलीवर आल्यावर मी आईला म्हटलं, "मला ओकारी येत होती तिथे."

आई चप्पल काढत होती. थांबली. "तू दिवसभर लॅबमध्ये लोकांची लघवी हाताळतेस, थुंकी हाताळतेस. कधी नाक मुरडलेलं पाहिलं नाही तुला. आणि दोन म्हातारी माणसं हात धरून बसली तर ओकारी?"

"तिथे हातमोजे असतात," मी म्हटलं.

मला वाटलं आई चिडणार, पण तिने नुसतं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताला संत्र्याचा वास होता. मी डोकं बाजूला घेतलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

त्याच्या घरी गेलो. घर नीटनेटकं आहे. मुद्दाम स्वयंपाकघराच्या ओट्याखाली डोकावून बघितलं, झुरळ नाही. बाथरूमची फरशी कोरडी. बाई नसलेल्या घराला एक वास असतो, तो नाही. म्हणजे सगळी तयारी करून ठेवली असणार. मोठा बेरकी.

मी गॅलरीतून आत आले तर बघते काय, आई खुर्चीत, तो समोर बुटक्या स्टुलावर, आणि आईचा पाय त्याच्या मांडीवर! खाली वर्तमानपत्र, हातात नेलकटर. आईची पायाची नखं कापत होता. त्या जाड, पिवळट, वाकड्या नखांचे तुकडे टक-टक उडत होते. एक त्याच्या चष्म्याला लागला. त्याने चष्मा पुसला आणि करंगळीचं नख हातात घेतलं, म्हणाला, "हे बारकं फार हट्टी आहे हं. दुखलं तर सांगा." आई डोळे मिटून बसली होती.

मला घशाशी आलं. म्हटलं, "आई, हे काय चाललंय?"

"गुडघ्यामुळे मला वाकता येत नाही गं."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं होतं ना," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच.

खरं आहे, दोन-तीनदा म्हणाली होती. मी म्हटलं होतं, पार्लरवालीला घरी बोलावू. मग राहून गेलं. पण म्हणून कुणाच्याही मांडीवर पाय द्यायचा?

ह्यांचा फोन आला. पाण्याची मोटर कुठल्या बटणाने चालू होते ते विचारायला. सांगितलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हॉटेलची अंडी. मला वाटलंच होतं, पिवळ्या भागाला हिरवट कडा होती. पण भूक लागली होती. आईने खाल्ली नाहीत, तिने पाव खाल्ला. पूल ओलांडेपर्यंत ठीक होते. त्याच्या जिन्यात भोवळ आली आणि त्याच्या दारात, त्याच्या त्या चकचकीत बुटांवर मी भडाभडा ओकले. आत जाता जाता परत. त्याने ओंजळ पुढे केली. भांडं आणेपर्यंत दम नव्हता म्हणून ओंजळ! "होऊ द्या, होऊ द्या, सगळं पडू द्या," म्हणत होता, दुकानात मापाचा बूट सापडत नसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढावी तसा.

लाजेने मेले असते तर बरं. पण तेवढंही त्राण नव्हतं. त्याने मला त्याच्या पलंगावर आडवं केलं, चपला काढल्या, टाचांखाली उशी दिली. मग ओल्या फडक्याने माझे पाय पुसले, कारण त्यांवरही उडालं होतं. एक, मग दुसरा. बोटांच्या बेचक्यांतूनही. मी "नको, नको" म्हणत होते, पण पाय ओढून घेतला नाही. तेवढी शक्तीच नव्हती. बाहेर आई फरशी पुसतेय आणि तो तिला "तुम्ही वाकू नका, मी करतो" म्हणतोय, एवढं ऐकू आलं आणि मग झोप लागली. भर दुपारी, परक्याच्या घरात, अशी झोप की घरी कधी लागत नाही. अशक्तपणाने असणार.

उठले तेव्हा पातळ भात आणि मिठाचं पाणी तयार होतं. बूट धुऊन गॅलरीत उन्हाला ठेवले होते. ह्यांना फोन करून सांगितलं की फार उलट्या झाल्या. म्हणाले, "औषध घे."

पाय मात्र दिवसभर काहीतरी वेगळेच लागतायत. परत परत धुतले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज आई फळं आणायला खाली गेली तेव्हा तो माझ्यासमोर येऊन बसला. कानातले केस कापलेले दिसले, कोणी कापले ते विचारायचीही सोय नाही. म्हणाला, "चिमाताई, एक विचारतो. तुमची हरकत असेल तर आम्ही लग्न नाही करणार. त्या मला तसं म्हणाल्यात. तुमच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, असं पहिल्यापासून ठरलंय आमचं."

म्हणजे ह्या दोघांचं सगळं माझ्यावर येऊन थांबलं होतं आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. 'नाही' म्हटलं असतं तर झालं होतं काम. त्यासाठीच तर आले होते. जिभेवर शब्द तयार होता.

"आणि नाही म्हटलं तर तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"मी?" त्याने गुडघे चोळले. "फोन करीन रोज. तेवढं तरी चालेल ना तुम्हाला?"

खाली रस्त्यावरून आईचा आवाज येत होता. फळवाल्याशी घासाघीस चालली होती, मोठमोठ्याने, हसत. घरी ती इतक्या मोठ्याने बोलत नाही. घरी कुणीच बोलत नाही.

मी म्हटलं, "तिला बीपी आहे. मीठ कमी घालत जा. काल भातात जास्त होतं."

त्याचे डोळे भरले आणि नाकातून पाणी आलं, आणि त्याने ते हाताच्या पाठीने पुसलं. रुमाल खिशात होता, दिसत होता. शी.

मी हो म्हटलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते. मी फक्त मिठाचं सांगितलं.

पण आई वर आली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिने फळांची पिशवी तशीच सोडली. पेरू जिन्यावरून खाली गडगडत गेले. मला मिठी मारून रडली. तिचा गाल माझ्या गालाला लागला, ओला, गरम. मी तशीच उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळेना. शेवटी तिच्या पाठीवर ठेवले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

लग्न मंगळवारी आहे, देवळात हार घालून मग नोंदणी. तोवर आई हॉटेलातच राहणार म्हणते, तिला ती खोली आवडलीय! बादलीऐवजी कानकोऱ्याने तिला एक भक्कम स्टूल दिलंय. दादा येणार आहे म्हणे नोंदणीला. 'काय ते' बघून झालं, आता येणार.

"थांब ना गं चार दिवस," आई म्हणाली.

"रजा संपली," मी म्हटलं. रजा आहे शिल्लक. पण मंगळवारी हार, पेढे, फोटो, आणि पुन्हा त्या दोघांचे हातात हात. मला नाही सोसायचं.

स्टेशनवर दोघं आले होते. त्याने प्रवासासाठी संत्री दिली, सोलून, दोरे काढून, डब्यात भरून. गाडी सुटल्यावर खाल्ली. आंबट नव्हती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

संध्याकाळी घरी पोचले. ह्यांनी दार उघडलं आणि परत सोफ्यावर जाऊन बसले. विचारलं, "आई?"

"राहिली तिकडेच."

"बरं," म्हणाले. मग, "त्या खोलीत माझं कपाट हलवलं तर चालेल?"

चालेल म्हटलं. सिंकमध्ये आठवड्याची भांडी, दुधाला वास, गॅसवर काहीतरी करपून चिकटलेलं. सगळं घासून काढलं. मला ह्याचं काही वाटत नाही, ह्याची सवय आहे. आईच्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले.

मग हॉलमध्ये येऊन ह्यांच्या शेजारी बसले. सोफ्यावर मी कधी बसत नाही, ती ह्यांची झोपायची जागा. चादरीला ह्यांचा वास होता. टीव्हीवर कुठल्यातरी देशातला पूर दाखवत होते. ह्यांचा हात मधे पडला होता, तळवा वर. मला वाटलं, नखं वाढलीत ह्यांची. बराच वेळ मी त्या हाताकडे बघत होते. मग त्यावर माझा हात ठेवला.

हे दचकले. माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे.

"काय हवंय?" म्हणाले.

मला काही सुचेना. म्हटलं, "रिमोट."

ह्यांनी रिमोट दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. आणि माझ्याकडे बघत थांबले, मी काय लावते म्हणून. मी रिमोट हातात धरून बसले. कुठलं बटण दाबायचं तेच मला माहीत नव्हतं.